दीड दिवसाचा गणपती, अडीच दिवसांचा पॅच

चवथीला पुण्याहून भाचा येतोय आणि त्याच्यासाठी गेम आणावा असं मनात आहे? उत्तम. आम्ही गोव्यात, प्रियोळात हा प्रयोग नुकताच करून बसलो आहोत, म्हणून चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या. नाही पटल्या तरी तुमचं तेच होणार आहे.

गेम डिस्कवरच घ्या. आमच्याकडचं इंटरनेट आम्हाला ठाऊक, म्हणून डाऊनलोडच्या वाटेला न जाता मुद्दाम पणजी गाठली. भर पावसात अठरा जून रस्त्याला तीन फेऱ्या मारल्या, शेवटी गाडी जिथे लावली तिथून दुकानापर्यंत छत्री दोनदा उलटी झाली, आणि साडेचार हजार मोजून डबा घरी आणला. डबा कानाशी धरून हलवावा. आत काहीतरी खुळखुळतं. हे सुख तेवढ्यातच पदरात पाडून घ्या. डब्याच्या मागच्या बाजूला, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत, इंटरनेट आवश्यक असल्याचं लिहिलेलं असतं. ते दुकानात वाचू नका. वाचलंत तर घेणार नाही, आणि मग भाच्याच्या हातावर काय ठेवाल, गणपतीवर फळंभाज्या टांगतात त्या माटोळीतलं तवसं?

मुहूर्त मात्र बघा. आम्ही इथेच चुकलो. गणपती बसला, आरती झाली, जेवणं झाली, आणि एका हातात नेवरी धरून भाच्याने दुसऱ्या हाताने डिस्क गेमच्या यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये, सारली. अर्धा तास ती यंत्रात उतरत होती. मग पडद्यावर पाटी आली, आधी पॅच उतरवा, म्हणजे गेमच्या दुरुस्त्या आणि राहिलेला माल इंटरनेटवरून आणा. भाच्याने ती ताप सांगावा तशी वाचून दाखवली.

“मामा, चौऱ्याण्णव जीबी.”

“आणि डिस्कवर किती होतं रे?”

“ते सांगत नाही तो.”

डिस्कवर काय असतं हे विचारायचं नसतं. साध्या दुपदरी ब्ल्यू-रेवर ५० जीबी मावतात, नव्या कन्सोलच्या डिस्कवर १०० पर्यंत. मावतात म्हणून भरलेच पाहिजेत असं थोडंच आहे? २०१५ मध्ये ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ हा गेम आला, तेव्हा डिस्कवर जेवढं होतं त्याहून पहिल्या दिवसाचा पॅच मोठा होता. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटीच्या डिस्कवर शंभर एमबीसुद्धा नव्हते. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बारशाचे व्हिडिओ याहून जास्त होतात. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ ४० केबीत बसला होता, पण तेव्हाच्या लोकांना गेम आधी पूर्ण करायचा आणि मग विकायचा अशी खोड होती. २०१८ मध्ये रेड डेड रिडम्पशन २ वाल्यांनी डब्यात दोन डिस्का घातल्या, एक भरायला आणि एक खेळायला. जुन्या वळणाची माणसं. त्यांना कोणीतरी समजावायला हवं होतं.

राऊटरला हळदकुंकू वाहा. एक जास्वंदही.

आता वेगाचं गणित. पाटीवर शंभर एमबीपीएसचा प्लॅन. हे एमबी म्हणजे बिट, बाइट नव्हेत, तेव्हा आठाने भागा. सेकंदाला साडेबारा एमबी. म्हणजे चौऱ्याण्णव जीबी कागदावर दोन तासांत. कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवा. चवथीला वाड्यावरची सगळी मुंबई-पुणे-बंगळूरची मंडळी घरी आलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन फोन. आमच्या वाट्याला आले चार, कधी पाच एमबीपीएस. आणि दुपारी तीनला, माडाच्या झावळीला वर्षभर वेळ मिळाला नव्हता म्हणून, ती तारेवर पडली. करंट गेला. पाऊस, माड, तार आणि करंट यांचं नातं तुम्हाला मी सांगायला नको. घाबरायचं नाही, घरात इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरवर पंखा आहे, स्वयंपाकघरातला दिवा आहे, गणपतीपुढची लुकलुकणारी माळ आहे, फक्त राऊटर नाही. कारण वायरमनने विचारलं होतं तेव्हा मीच म्हटलं होतं, राऊटर काय करायचाय. मग सालातून, म्हणजे बैठकीच्या खोलीतून, एक्स्टेन्शन बोर्ड ओढत आणला, त्यात माझी आई अडखळली, तिने त्या गेमचा, माझा आणि पुण्याच्या जावयाचा एकाच दमात उद्धार केला. राऊटर लागला. त्यावर लाल दिवा. कारण खांबावरच्या पेटीला करंट नाही आणि त्या पेटीला इन्व्हर्टरही नाही. केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “पात्रांव, आज चवथ.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याही घरी गणपती आहे, त्याच्याही घरी कोणाचा तरी भाचा आला असेल. त्याचं काही चुकलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. चुकलं ज्याचं, त्या गेम बनवणाऱ्याच्या ऑफिसात करंट कधी जात नाही. त्याच्या टेबलापासून सर्व्हर चार पावलांवर, आणि त्याला वाटतं जगातला प्रत्येक माणूस तसाच बसलेला आहे, तारेला तार लावून, चौऱ्याण्णव जीबी काय, नळ सोडला की झालं. आमच्याकडे नळालाही वेळापत्रक आहे हो!

असो. शांत राहावं. सणाचे दिवस.

जागा करून ठेवा. ८२५ जीबीच्या यंत्रात हाताला ६६७ लागतात, आणि जुन्या कन्सोलचा हट्ट तर असा की पॅच उतरला की गेमची नवी प्रत आधी रचणार, मग जुनी पुसणार. तेव्हा मागच्या उन्हाळ्यात आठवडाभर खपून उतरवलेले दोन गेम डोळ्यांवर हात ठेवून उडवावेत.

मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून बघायलाही हरकत नाही. आमच्याकडे रेंज तुळशीपाशी येते. तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले चार फोन ओळीने मांडले होते, प्रत्येकाचे रोजचे दीड जीबी. शेजारच्या वहिनी पूजा समजून नमस्कार करून गेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी घुमटांच्या गजरात गणपती तळीवर निघाले, तेव्हा पडदा बघायला विसरू नका. आमचा ५८ टक्क्यांवर होता. भाचा दोन दिवसांत घुमट बऱ्यापैकी वाजवायला शिकला, तेवढा फायदा मान्य.

शहाणे म्हणतील, एवढा त्रास, तर डिस्क हवी कशाला, सरळ डाऊनलोड घ्यावा. घ्या की! पैसे तेवढेच. शिवाय खेळून झाल्यावर तो मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. आमच्या कॉलेजात एक डिस्क फोंड्याहून मडगावला, मडगावहून वास्कोला जायची, आणि ओरखडे मिरवत परत यायची. ती कटकट संपली. ‘खरेदी करा’ हे बटण दाबून आपण जे घेतो तो नुसता वापरायचा परवाना असतो, हे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियाला करावा लागला, २०२५ पासून लागू. डिस्क असली तरी फार हुरळू नका. ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम लोकांनी डिस्कवरही घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम चालेनासा झाला. डिस्क अजून घरात आहे. तिच्यावर चहाचा कप छान बसतो.

पुरे झाला उपरोध. मला राग आलाय.

चौऱ्याण्णव जीबी लागतातच असं नसतं. हेलडायव्हर्स २ ची पीसीवरची जागा दीडशे जीबीच्या वर गेली होती. २०२५ च्या डिसेंबरात ती तेवीसवर आणली. तोच गेम. जुन्या हार्ड डिस्कना शोधायला सोपं जावं म्हणून एकच माल जागोजागी पुन्हा पुन्हा भरून ठेवला होता, तो काढला. म्हणजे जमतं. बसून करावं लागतं एवढंच. गेम बनवणाऱ्यांनो, तुम्ही करत नाही, कारण ती जागा तुमची नाही, कोटा तुमचा नाही आणि दोन दिवसांची सुट्टीही तुमची नाही. अर्धा शिजलेला भात वाढता आणि म्हणता, कुकर तुमच्या घरी आहेच. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा ना, आत गेम नाही, किल्ली आहे. मी किल्लीचे पैसे देईन. साडेचार हजार नाही देणार.

आणि आपण? आपणही काही कमी नाही. गेम यायच्या चार महिने आधी पैसे भरतो. मासळीबाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय वीस रुपये काढत नाही आणि इथे न बघितलेल्या वस्तूचे हजारो आगाऊ मोजतो. मीही मोजलेत, दोनदा. कोणी म्हटलं होतं?

भाचा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या बसने फोंड्याहून गेला. त्याच्याकडेही तेच यंत्र आहे. “मामा, डिस्क मी नेतो, आमच्याकडे वायफाय फास्ट आहे,” म्हणाला. ने बाबा. त्याच्यासाठीच आणली होती.

रात्री साडेबाराला पॅच पूर्ण झाला. म्हटलं, झालाच आहे तर बघू तरी, एवढं काय आहे ते. बटण दाबलं.

पडद्यावर आलं, डिस्क घाला.

डिस्क तेव्हा निपाणीच्या आसपास असेल.