चार हातांचा ताश

डिसेंबर उजाडला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद ठरलेला. शाळेत सांताची टोपी का घालायला लावतात, २५ तारखेला तुळशीपूजन का ठेवत नाहीत, अशी सुरुवात होते आणि गाडी ‘इंग्रजी गोष्टींतून मुलांवर हळूच धर्म लादतात’ इथे येऊन थांबते. समोरची बाजूही कमी नाही. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय दिसला, तेव्हा हीच मंडळी तावातावाने बोलत होती. दोघांचाही समज एकच: मुलाच्या कानावर धर्म पडला की तो अंगात भिनलाच.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या सरकारी शाळांत रोज सामूहिक उपासना व्हावी आणि तिचं वळण मुख्यतः ख्रिस्ती असावं, असा १९८८ चा कायदा आहे. मुलाला त्यातून वगळायची मुभा पालकांना आहे, पण ओळखीतल्या एकाही मराठी घराने ती घेतल्याचं मला माहीत नाही. उलट नाताळच्या नाटकात पोरगं मेंढपाळ झालं की व्हिडिओ लगेच सांगलीला रवाना. आणि एवढं करून २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे भरले ४६.२ टक्के.

म्हणूनच सी. एस. लुईस या लेखकाच्या ‘नार्निया’ या मुलांच्या पुस्तकमालिकेची मला फारशी धास्ती वाटली नाही. १९५० च्या पहिल्या पुस्तकातला अस्लान हा सिंह म्हणजे येशू, हे उघड गुपित आहे. एका फितूर मुलाच्या बदल्यात तो स्वतःला चेटकिणीच्या हवाली करतो. त्याची आयाळ कापतात, मुसक्या बांधतात, दगडी चौथऱ्यावर सुरी चालवतात. रात्री उंदीर येऊन त्याचे दोर कुरतडतात. पहाटे चौथरा दुभंगतो आणि सिंह जिवंत उभा. आणि त्याला पहिल्यांदा पाहतात त्या दोन मुली, बायबलमध्ये रिकाम्या कबरीपाशी बायका असतात तशा. २००५ च्या डिस्नेच्या चित्रपटाची जाहिरात अमेरिकेत चर्चमधून पद्धतशीर झाली. माझ्या लेकीने तो पाहिला आणि म्हणाली, “हा नरसिंहाचा भाऊ आहे का?” संपलं. किल्ली घरात नसेल तर कुलूप कुठे आहे हेसुद्धा मुलांना कळत नाही.

लेक अडखळली ती नंतर. मालिकेच्या शेवटच्या, १९५६ च्या पुस्तकात नार्नियाच्या शत्रूंचा, कॅलोर्मेनी लोकांचा देव येतो, ताश. गिधाडाचं डोकं, चार हात, आणि त्याला नरबळी लागतो. त्याचे भक्त सावळे, दाढीवाले, पागोटी घालणारे, वाकड्या तलवारींचे. “चार हात तर गणपतीलाही आहेत, मग हा वाईट का?” याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. २००५ ते २०१० मधले तिन्ही चित्रपट ताशपर्यंत पोचलेच नाहीत, ही निर्मात्यांची सुटका म्हणायची.

लुईसशी अन्याय नको. ताशच्या एका प्रामाणिक भक्ताला अस्लान जवळ घेतो आणि सांगतो, ताशची म्हणून तू केलीस ती सेवा माझ्याच खाती जमा आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण जवळपास हेच म्हणतो: अन्य देवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, फक्त विधी सोडून. दोन्हीकडे औदार्य आहे आणि दोन्हीकडे खातेवही आपल्याच देवाच्या हातात. ग्रुपवर हे लिहिलं असतं तर दोन्ही बाजूंनी मला झोडपलं असतं.

चिन्हं पुसून टाकणं हाही उपाय नव्हे. फिलिप पुलमन या इंग्रजी लेखकाच्या १९९५ च्या कादंबरीत चर्चची सत्ताच खलनायक आहे. २००७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकेतल्या एका कॅथलिक संघटनेने बहिष्काराची हाक दिली. स्टुडिओने आधीच सगळं बोथट करून ठेवलं होतं. संघटना खूश झाली नाही, वाचकही चिडले, आणि पुढचे भाग निघालेच नाहीत.

मला घरच्या वादात वेगळाच मुद्दा हवा आहे. देव कुणाचा, यापेक्षा राक्षस कुणासारखा दिसतो ते बघा. आपल्या पौराणिक कार्टूनमध्ये असुर काळेकुट्ट, जाडजूड, जाड ओठांचे, आणि देव गोरेपान; यावर ना तुळशीवाले बोलतात ना आराखड्यावर चिडलेले. खरं तर आपल्याकडे उतारा तयार आहे. बळी असुरच, आणि तरी पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत आपण त्यालाच ओवाळतो. लेकीला ती गोष्ट मी दोन्ही बाजूंनी सांगितली. दान देणाऱ्याच्याच डोक्यावर वामनाने पाय ठेवला हे तिला अजून पटलेलं नाही, आणि पटवून द्यायची मला घाईही नाही.