वाकडी आणि कुकडी

पावसाळा लागला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. आधी कुठल्यातरी धबधब्यावरच्या जत्रेचा व्हिडिओ, आणि चार दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या बंदी आदेशाचा तिरका काढलेला फोटो. मग ग्रुपचे दोन तट पडतात. एक म्हणतो, लोकांना अक्कल नाही, बंदच करा सगळं. दुसरा म्हणतो, निसर्ग काय सरकारच्या बापाचा आहे का? शेवटी कोणीतरी मला टॅग करतं : "तुमच्याकडं कशी शिस्त असते, सांग की जरा."

शिस्त. हा शब्द आला की मी फोन पालथा ठेवते. पण यंदा आई इथे येऊन गेली, आणि तिच्याबरोबर फिरताना मला या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर सापडलं.

मी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात रेडमंडला राहते. शेजारच्या प्रिनव्हिलमध्ये डेटा सेंटरची नोकरी आहे. ओरेगन म्हटलं की हिरवीगार जंगलं डोळ्यांपुढे येतात, पण ती कॅस्केड पर्वताच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. डोंगर ओलांडेपर्यंत ढग रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम आठ-नऊ इंच पाऊस उरतो. सह्याद्री आणि पारनेर तालुका यांचं जे नातं, तेच इथे. मी तिथल्या कुकडीकाठच्या निघोजची, त्यामुळे पर्जन्यछाया हा शब्द मला भूगोलाच्या पुस्तकाआधी घरी कळला होता.

इथून पंधरा-वीस मिनिटांवर स्मिथ रॉक आहे. तीन हजार फुटांच्या आसपासच्या या कोरड्या पठारात नदीने खोल घळ कापली आहे आणि तिच्या काठावर तांबूस-पिवळे सुळके उभे आहेत. हा खडक ज्वालामुखीच्या राखेचा, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा. समोरच्या काठावर मात्र आपला ओळखीचा काळा कातळ, बेसॉल्ट. तो या सुळक्यांच्या मानाने अगदी कालचा. १९८० च्या दशकात अ‍ॅलन वॉट्स आणि त्याच्या मित्रांनी इथल्या भिंतींत बोल्ट ठोकून चढाईच्या नव्या वाटा केल्या, आणि अमेरिकेतल्या स्पोर्ट क्लाइंबिंगची सुरुवात इथली मानली जाते. आता शनिवारी सकाळी जरा उशीर झाला की गाडी लावायला जागा मिळत नाही.

आईने गाडीतून उतरून चौफेर पाहिलं. पायात माझे बूट, वर सहावारी. म्हणाली, "एवढं विमानात कोंबून आणलंस, अन् दाखवलंस काय, तर आपलंच माळरान!" आदल्या रात्री पावसाचा शिडकावा झाला होता. वाटेच्या कडेला राखाडी पानांची झुडपं होती. तिने एक पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि एकदम म्हणाली, "अगं, दवणा!" हे सेजब्रश. मी घरी येऊन शोधलं, तर खरंच दवण्याच्या कुळातलं निघालं. वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, आर्टेमिसिया. सात वर्षं मी त्या वासातून चालत होते, कधी लक्षात आलं नव्हतं.

खाली नदी दिसली. नाव क्रुकेड रिव्हर, म्हणजे सरळसरळ वाकडी नदी. "आमची कुकडी, यांची वाकडी," आई म्हणाली, आणि दिवसभर ते पालुपद धरून राहिली. वाकडीवर वरच्या अंगाला धरण आहे, कालवे आहेत, आणि कोणत्या शेतकऱ्याला किती पाणी यावरून भांडणंही आहेत. ज्यांचा पाण्याचा हक्क नंतरचा, त्यांना टंचाईच्या वर्षी आधीच्या हक्कवाल्यांच्या मागे उभं राहावं लागतं. आईला हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागली नाहीत. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, हीच चर्चा ऐकत तिचं आयुष्य गेलं आहे.

नदीकाठची वाट सपाट आहे, तिला जमण्यासारखी. चालता चालता आम्ही मंकी फेसच्या बाजूला आलो. साडेतीनशे फुटांचा सुळका, वर माकडाचं तोंड. तिथे एक पाटी होती. या भागात चढाई जानेवारीच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत बंद, कारण सोनेरी गरुड आणि प्रेअरी फाल्कन हे ससाणे कड्यावर घरटी करतात. नेमक्या कोणत्या भिंती बंद, तेही दिलेलं. बाकीचा डोंगर उघडा. एखाद्या वर्षी घरटं लागलं नाही, तर बंदी मुदतीआधीच उठते. आणि शेजारच्या उघड्या भिंतीवर दोर लावून माणसं लोंबकळत होती. बंद भिंतीवर कोणी नव्हतं.

ग्रुपवर हे सांगितलं असतं तर लगेच उत्तर आलं असतं : बघ, शिस्त! मला तसं वाटत नाही. हीच माणसं चढणीची वळणं चुकवून सरळ खाली घसरत जातात, त्यामुळे उतार खचतो. त्यांना आवरायला जागोजाग पाट्या आणि आडव्या टाकलेल्या फांद्या आहेत. इथे चढाई करणारे आणि नुसते चालणारे लोकही पडून मेले आहेत. गरुडांची बंदी पाळली जाते, कारण तिच्यात काय बंद, का बंद आणि केव्हा उघडणार, हे तिन्ही लिहिलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे, ती सांगितल्या दिवशी उठते.

आता आपला आदेश आठवा. पूर्वी कलम १४४ असायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. धबधबे, धरणं, गड, घाट एका ओळीत. पाण्यात उतरू नये, सेल्फी काढू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, मद्यपान करू नये, सगळं एकाच यादीत. कुठल्या पायरीच्या खाली पाणी ओढतं आणि कुठे लेकराला बिनधास्त बसवता येतं, याचा पत्ता नाही. ज्याला त्या जागेची माहिती आहे त्यालाही बंद, आणि ज्याला नाही तो पोलीस गेल्यावर येतोच. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे आदेशाच्या कागदापेक्षा, 'वर पाऊस वाढलाय, निघा' असं ओरडून सांगणारा एक माणूस जास्त उपयोगी पडला असता.

परतण्याआधी थोडं उत्तरेला वळलो. तिकडे पीटर स्कीन ऑग्डेन नावाची जागा आहे, तिथे थांबलो. हायवेच्या अगदी कडेला जमीन एकदम तीनशे फूट खाली तुटते आणि तळाशी तीच वाकडी. तिथे तीन पूल शेजारी शेजारी दिसतात : १९११ चा रेल्वेचा, १९२६ चा रस्त्याचा आणि २००० चा नवा. नवा झाला त्या वर्षी जुना गाड्यांना बंद करून पायी फिरणाऱ्यांसाठी ठेवला. काठावर दगडी कठडा आहे आणि पाटीवर लिहिलंय की इथे पुष्कळ कुत्री मेली आहेत, आपलं कुत्रं गाडीतच ठेवा. मी वाचून दाखवल्यावर आई हसायला लागली. मग गप्प झाली. कठड्यावरून उडी मारणाऱ्या कुत्र्याला पलीकडे जमीन नाही हे कळत नाही, म्हणून ती पाटी. ती वाचून कुत्रं सोडायचं धाडस कोणी करत नाही. 'धोकादायक क्षेत्र' लिहिलं असतं, तर केलं असतं.

त्या जुन्या पुलावर उभं राहून मला पुण्याजवळचा कुंडमळा आठवल्याशिवाय राहिला नाही. १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल माणसांसकट खाली गेला आणि चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथेही होती. पण पलीकडे जायला जवळचा दुसरा रस्ता नव्हता, नवा पूल कागदावर होता, आणि रविवारी दुपारी ती पाटी राखायला कोणी नव्हतं. पर्यटकांना दोष देणं सोपं आहे. मीही आधी दिला होता.

मात्र इकडच्या सगळ्याची आरती ओवाळायची नाही. इथे कोणी अडकलं तर शोध आणि सुटका ही कायद्याने काउंटी शेरीफची, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची, जबाबदारी असते. प्रत्यक्षात दोर घेऊन उतरणारे बहुतेक स्वयंसेवकच. आपल्याकडेही लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं हेच करतात, रात्री दोन वाजता, पदरचं पेट्रोल घालून. माणसांत फरक नाही. फोन कोणाला लावायचा, हे इथे ठरलेलं आहे, एवढंच.

पैशाचंही तसंच. स्मिथ रॉकला माणसाला तिकीट नाही, उभ्या गाडीला आहे. आपल्याकडे काही गडांच्या पायथ्याला वन समित्या पावती फाडतात, तिचं नाव उपद्रव शुल्क. मला हे नाव फार आवडतं. जगात इतकं प्रामाणिक तिकीट दुसरीकडे नसेल. फक्त त्या उपद्रवाच्या पैशातून तिथे एखादा गावातलाच पोरगा पावसाळ्याचे चार महिने पगारावर उभा राहिला, तर पावती फाडून घेताना कोणी कुरकुरणार नाही.

आमच्या निघोजच्या कुंडावर कुकडीने कातळात रांजणखळगे कोरले आहेत. गोटे गरगर फिरवत, हजारो वर्षं. वरून पाहावं तर भांड्यांच्या दुकानासारखं दिसतं, आणि पाणी चढलं की एकही भांडं दिसत नाही. कोणतं रांजण आधी भरतं, हे तीरावरच्या नारळवाल्याला पाठ आहे. ते कोणी त्याला विचारून पाटीवर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आई मे महिन्यात परत गेली. जुलैत तिचा फोन आला. कुंडाकडच्या रस्त्याला गाड्या अडवतात म्हणे. "मग बंद आहे का सगळं?" मी विचारलं.

"बंदच की. फक्त मळगंगेच्या दर्शनाला आलोय म्हटलं, तर सोडतात."

"आणि लोक?"

"लोक काय," ती म्हणाली, "यंदा देवीला लई भक्त वाढलेत."