दोन क्रेडिटचा विषय कसा उरकावा

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनो, तुमचं मेजर म्हणजे मुख्य विषय ठरलंय, मायनर म्हणजे दुय्यम विषय कुणीतरी ठरवून दिलंय, आता राहिलं ओपन इलेक्टिव्ह. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि आपल्या राज्यात हा विषय शाखेबाहेरचाच घ्यायचा असं ठरलं. सायन्सवाल्याने इतिहास, आर्ट्सवाल्याने गुंतवणूक वगैरे. घाबरू नका. धोरण नवं असलं तरी ते उरकायची रीत जुनीच आहे.

विषय निवडताना अभ्यासक्रम उघडू नका. कोणते सर हजेरी घेत नाहीत, तेवढं सीनियरला विचारा.

पोर्टल उघडेपर्यंत बरे विषय भरलेले असतात. उरेल ते घ्या.

तास सकाळी सातचा असेल तर झोपा.

आता पर्यावरण. 1991 साली वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवायला सांगितला, पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, तो पदवीला सक्तीचा केला. कॉलेजच्या दारात झेरॉक्सची दुकानं किती असतात, याची कोर्टाला काय कल्पना! तिथे प्रकल्प तयार मिळतो, स्पायरलसकट. फक्त नाव आणि गाव बदलून घ्या. परवा मी असा गठ्ठा तपासायला बसलो. 'माझ्या गावातील नदीचे प्रदूषण'. गावं वेगवेगळी, नदी एकच. दुष्काळी माण तालुक्यातल्या एका पोराच्या गावातून चक्क कोल्हापूरची पंचगंगा वाहत होती, वर जलपर्णीही होती! ऋणनिर्देशात ज्या सरांचं 'मोलाचं मार्गदर्शन' लाभलं होतं, ते केव्हाच निवृत्त झालेत. पोराला बोलावलं, तर म्हणतो, "सर, दोनच क्रेडिटचा तर आहे."

अरे, तुझ्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो ना? तो कुठे भरतो, खेपा कोण ठरवतं, पहिला हंडा कुणाचा लागतो आणि कुणाच्या वस्तीवर तो पोचतच नाही, हे तुझ्याइतकं मला तरी माहीत आहे का? चार पानं लिहिली असतीस तर मीच तुझ्याकडून शिकलो असतो. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. तीस तासांत गावाकडे एकदा नीट बघता येत नाही?

सहकाऱ्यांसाठीही एक सूचना. भारतीय ज्ञान प्रणाली हा नव्या धोरणातला विषय कुणी शिकवायचा, हा प्रश्नच नाही. ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या गळ्यात मारा. तोही नसला तर तासिका तत्त्वावरचा माझ्यासारखा कुणीतरी असतोच.

आणि विभागप्रमुखांनो... जाऊ दे, सूचना पुरे. "तो पर्यावरणाचा तास बुडवा, प्रॅक्टिकलला या," असं वर्गात उभं राहून सांगताना तुम्हाला काहीच वाटत नाही? तुमचाच विद्यार्थी उद्या केमिस्ट्रीची पदवी घेऊन एमआयडीसीत लागेल. रात्रपाळीला साहेब म्हणेल, सांडपाणी ओढ्यात सोडून दे. नाही कसं म्हणायचं, हे तुमच्या कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये आहे? ते शिकायची जागा हीच होती, आणि तुम्ही तिला फालतू ठरवलंत. पोरं ऐकतात तुमचं.

मुलांनो, गठ्ठा परत करतोय. आपल्याच गावावर लिहा, हाताने लिहा, आणि पुढच्या सोमवारी आणा. झेरॉक्सवाल्याकडे गेलात तर मला कळेल. त्याच्या मुखपृष्ठावरचा फॉन्टसुद्धा आता माझ्या ओळखीचा आहे.