भरीत पार्टीतलं संगीत : एक दुरुस्ती

शेतातल्या भरीत पार्टीला एक मोठा स्पीकर मधोमध ठेवा, हा भरीत पार्टीवरच्या एका लेखातला सल्ला पटला नाही. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. जवळच्यांचे कान किटतात आणि पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजणाऱ्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यापेक्षा दोन लहान स्पीकर पंगतीच्या दोन टोकांना, बसलेल्या माणसाच्या कानाएवढ्या उंचीवर ठेवा. पलीकडच्याशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर संगीत जास्तच आहे.

वांगी भाजली जाईपर्यंत हिंदी गाणी चालतील. पानं मांडली की शब्द नकोत, कारण ओळखीचं गाणं लागलं की गप्पा तुटतात. बासरी किंवा संतूर उत्तम, संध्याकाळी यमन, रात्री बागेश्री. पण अख्खी मैफल लावू नका! आलाप इतका हळू असतो की कुणीतरी आवाज वाढवतं, आणि शेवटच्या जलद भागात, म्हणजे ‘झाला’ सुरू झाल्यावर, तोच आवाज अंगावर येतो. मध्यलयीतल्या ८-१० मिनिटांच्या रचना निवडा. अहिराणी गाणी जेवणानंतरच. ती मागे वाजायची नाहीतच, सगळ्यांनी मिळून म्हणायची आहेत.

तीन तासांची यादी आधीच डाउनलोड करा, शिवारात रेंजचा भरवसा नसतो. फोन फ्लाइट मोडवर टाकून ब्लूटूथ पुन्हा चालू करा, म्हणजे मध्येच रिंग वाजणार नाही.