चार तासांच्या झोपेची ‘सवय’ लागत नाही

सणासुदीला ज्यांना कामावर जावंच लागतं, त्यांच्यासाठी म्हणून एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच सल्ले आहेत. रोज चार तासच झोपा, आठवड्याभरात शरीराला सवय लागते. डोळे जड झाले की कॉफी घ्या. कामाची पाळी संपल्यावर दोन पेग घेतले की गाढ झोप लागते. राहिलेली झोप गर्दी ओसरल्यावर एका सुट्टीत भरून काढा. आणि शेवटचा: थकवा हा मनाचा खेळ आहे, तक्रार करू नका, हसत राहा. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असं ठोकून दिलंय. कोणते डॉक्टर, कुठले, काही पत्ता नाही.

एरवी असले मेसेज मी न वाचता पुसते. पण हा माझ्या धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘मी सुरू केलंय, एकदम फ्रेश वाटतं.’ तो पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतो. सणाच्या तोंडावर तिथे मालाचा नुसता ढीग पडतो. मी लगेच फोन लावला. बोलता बोलता त्याने मला एकच प्रश्न दोनदा विचारला, आणि उत्तर मिळून गेलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. वर म्हणतो, ‘ताई, मला काहीच त्रास नाही.’

त्याचं हे वाक्यच पहिल्या सल्ल्याला खोडून काढतं, म्हणून तोच आधी घेते.

2003 साली ‘स्लीप’ या नियतकालिकात हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. 48 निरोगी माणसं प्रयोगशाळेत मुक्कामाला ठेवली होती. त्यातल्या काहींना रोज चार तास, काहींना सहा, काहींना आठ तास झोपू दिलं, सलग 14 दिवस. दिवसभर त्यांच्या चाचण्या चालायच्या. त्यातली एक अगदी साधी: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. जाग्या माणसाला यात अवघड काहीच नाही. पण चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढतच गेल्या. आठवड्यात सवय लागायची असती, तर चुकांचा आलेख कुठेतरी सपाट व्हायला हवा होता. तो झाला नाही. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची अवस्था दोन आठवड्यांत एक ते दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसासारखी झाली.

आता यातला खरा घातक भाग. त्याच माणसांना ‘किती झोप येतेय’ असंही विचारलं जात होतं. पहिले काही दिवस ते म्हणाले, बरीच येते. नंतर ते आकडे जवळपास जागीच थांबले. म्हणजे मेंदू रोज आणखी ढेपाळत होता आणि माणूस सांगत होता, ठीक आहे. सवय लागली ती थकवा न जाणवण्याची. म्हणून ‘मला फ्रेश वाटतं’ हा इथे पुरावा धरताच येत नाही. झोप कमी पडली की आपली झोप कमी पडतेय हे ओळखणारी अक्कलच आधी बोथट होते. अशा माणसाच्या हातात पहाटे मोटारसायकलचं हँडल असतं, कुणाच्या हातात रुग्णाची सलाईन असते. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका सुस्तावतो, हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 1997 सालीच छापून आलंय.

कमी झोपेवर तरतरीत राहणारी माणसं असतात, हे मान्य. 2009 मध्ये अशा एका घरातल्या आई आणि मुलीत डीईसी2 या जनुकातला दुर्मिळ बदल सापडला. पण त्या झोपायच्या किती, तर सव्वासहा तासांच्या आसपास. चार तास त्यांनाही पुरत नव्हते. आणि हे जन्मजात असतं, मेसेज वाचून अंगात येत नाही.

कॉफीचं अर्धं खरं आहे. ती झोपेची जाणीव काही काळ अडवते, झोपेची गरज भागवत नाही. तिचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिननेही तासाहून जास्त झोप कमी झाल्याचं 2013 च्या एका चाचणीत दिसलंय. म्हणून रात्रपाळीत घ्यायचीच तर पाळीच्या पहिल्या निम्म्यात घ्या. जमलं तर वीसेक मिनिटं डुलकी काढा. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर पाहिलेलं आहे, सरासरी 26 मिनिटांच्या डुलकीनेही सतर्कता वाढते. मेसेजमध्ये डुलकीचं नावसुद्धा नाही.

दोन पेगांचा सल्ला तर निव्वळ बेजबाबदार आहे. दारूने झोप लवकर लागते, पण झोपेच्या उत्तरार्धात मोडते. आधीच तुटपुंजी असलेली झोप आणखी कशाला विस्कटायची?

एका सुट्टीत झोप भरून काढण्याचंही तसंच. 2003 मध्येच दुसऱ्या एका प्रयोगात आठवडाभर अपुरं झोपलेल्यांना नंतर तीन रात्री आठ आठ तास दिले, तरी ते पुरते सावरले नाहीत. लांब झोपा जरूर, पण एका दिवसात हिशेब मिटला असं समजू नका.

राहिला ‘मनाचा खेळ’. याची मला सगळ्यात जास्त चीड आली. सगळं घर एकत्र जमलंय आणि आपण कामावर आहोत, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. ते बोलून दाखवणं म्हणजे रड नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण साचत जाऊन माणूस पिळून निघतो, याची जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाशी संबंधित स्थिती म्हणून नोंद घेतली. मेसेज मात्र सगळा दोष राबणाऱ्याच्या स्वभावावर ढकलतो आणि ड्युटी लावणारे नामानिराळे राहतात. लागोपाठच्या रात्रपाळ्यांनंतर मोकळ्या रात्री मिळायला हव्यात, ड्युटीचा तक्ता आधी हातात यायला हवा, हे मागायचंच असतं.

घरच्यांनाही एक सांगते. रात्रपाळीवरून आलेल्याला ‘पाहुणे आलेत, दोन मिनिटं बस’ म्हणून उठवू नका. ती दोन मिनिटं तासभर चालतात आणि मोडलेली झोप परत लागत नाही. खोलीचं दार लावा, पडदे ओढा, त्याचा फोन बाहेर ठेवा. एकत्र जेवायचं तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी जेवा, तारखेवर अडून बसू नका. पहाटे त्याला आणायला कुणाला जाता आलं तर जा, नाहीतर त्याला रिक्षाने, बसने येऊ द्या.

आणि हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर नुसता पुसू नका. पहिला आणि तिसरा सल्ला धोक्याचा आहे, एवढं तरी खाली लिहा.