नाला जेवढा खोल तेवढं पाणी जास्त? असं नसतंय

आमच्या गावच्या ग्रुपवर या आठवड्यात तोच मेसेज चौथ्यांदा आला. म्हणे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला नाले तीस-चाळीस फूट खोल केले आणि पाणी आलं, तुम्ही पण पोकलेन (खोदाईचं मोठं मशीन) लावा, दोन वर्षात टँकर बंद. खाली हात जोडलेले आणि टाळ्या. म्हणून लिहितोय.

शिरपूरला पाणी आलं हे खरंय, तिथं ते करणाऱ्या भूवैज्ञानिक खानापूरकर साहेबांचं काम मी खोटं म्हणत नाही. पण शिरपूर तापीच्या खोऱ्यात येतं, तिथं बऱ्याच भागात गाळाची जमीन, वरचा चिकट पिवळ्या मातीचा थर फोडला की पाणी खालच्या वाळूत जातं. आपल्या जालन्यात काळा पाषाण आहे. वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक आणि त्याखाली घट्ट पाषाण. पाणी धरतो तो मुरूम आणि फुटका खडक, आपल्या विहिरी त्याच्यावरच चालतात. नाला त्याच्या खाली नेला की आजूबाजूच्या रानात मुरलेलं पाणी उलटं नाल्यात पाझरतं आणि उन्हात उडून जातं, आपण काठावर उभं राहून म्हणतो वा किती पाणी साठलं, अरे ते विहिरीतलंच आहे! आमच्या बांधालगतचा नाला दोन उन्हाळ्यांमागं पाषाण लागेपर्यंत खोदला, मार्चपर्यंत चालणारी आमची विहीर संक्रांतीलाच तळाला गेली. वडील रोज सकाळी जाऊन वाकून बघायचे.

दुसरं, त्या मेसेजचा सूर असा की "पाणी नाल्यातच अडवायचं". पाऊस काय नाल्यातच पडतो का? एक हेक्टरवर १ सेंटिमीटर पाऊस म्हणजे १ लाख लिटर पाणी, ते पडतं तिथंच जिरवायला पाहिजे. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), मग शेताची बांधबंदिस्ती, नाला सगळ्यात शेवटी. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ पासून पाणलोटाचं (पाणी जिथून वाहून येतं त्या सगळ्या रानाचं) काम असंच वरून खाली झालं. वरचं रान तसंच सोडलं तर माती वाहून येते आणि खोदलेल्या नाल्याचा तळ गाळानं बंद होतो.

शेततळ्याचं पण तेच. प्लास्टिक अंथरलं की थेंब मुरत नाही, आणि बोअर उपसून ते भरायचं म्हणजे जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं.

आणि आलेलं पाणी वापरायचं कसं यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, तरी गाव टिकलं कारण शेतीला बोअरबंदी, ऊस-केळी नाही आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. आपल्याकडं नाला भरला की लगेच उसाची लागण.

ग्रामसभेत पोकलेनचा ठराव येणार असेल तर आधी नाल्याच्या दोन्ही बाजूच्या विहिरींची पातळी मोजून वहीत लिहा. मुरूम किती फुटावर संपतो ते जुन्या विहिरीत उतरलं की डोळ्याला दिसतं, त्याच्या खाली बकेट जाऊ देऊ नका.