वाडा पडला तरी दरवाजा जागेवर राहू द्या

निफाड तालुक्यात आमच्या आजोळी इनामदारांची गढी, म्हणजे तटबुरुजांचा वाडा, होती. आत आता बाभळीच उरल्यात, पण दगडी दरवाजा अजून उभा आहे. दिवाळीत गेलो तर त्याला गुलाबी ऑइलपेंट फासलेला आणि सांध्यांत सिमेंट. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून, मनापासून केलंय सगळं. म्हणूनच जास्त लागलं.

लहानपणी आम्ही दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, वाकून आत जायचो. मोठी दारं उघडायची ती वरातीला आणि धान्याच्या गाड्यांना, असं आजी सांगायची. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. भिंतीत अडसराचं, म्हणजे दार आतून बंद करायच्या आडव्या वाशाचं भोक, एका बाजूला इतकं खोल की अख्खा वासा आत सरकून जाई. आम्ही त्यात खांद्यापर्यंत हात घालायचो, तळ कधी लागला नाही.

आपला काळा दगड फारसं पाणी पीत नाही. ओल येते-जाते ती सांध्यांतल्या चुन्यातून. त्यावर सिमेंट थापलं, रंग चढवला की ती आतच कोंडते आणि जुना चुना भुसभुशीत होत जातो. पिंपळाच्या मुळाला मग वाट सोपी.

आता कुणीतरी रिसॉर्टसाठी या दरवाजाची कमान विकत मागतंय म्हणे. शेजारचे बुरूज जेसीबीने पाडून जागा मोकळी करायची, असंही चाललंय. अहो, कमानीचा एकेक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, तिचा भार दोन्ही बाजूंना रेटत असतो. तो रेटा पेलतात ते हेच बुरूज. ते गेले की कमान किती दिवस तग धरणार?

मालेगावचा किल्ला पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी १७४० मध्ये बांधायला घेतला, चांदवडचा रंगमहाल अहिल्याबाईंचा, नाशिकच्या सराफ बाजारात सरकारवाडा. यांची नावं सगळ्यांना ठाऊक, म्हणून निदान चर्चा तरी होते. आमच्यासारख्या गढ्यांचं काय? राज्याचा १९६० चा स्मारक कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंनाच लागू होतो. बाकीच्यांची राखण गावानेच करायची.

भाऊबंदांशी बोललोय, दगड विकायचा नाही यावर तिघं तयार आहेत. रविवारी मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन जातोय, दगड न दगड नोंदवून ठेवणार. येवला, चांदवड, सिन्नरकडे चुन्यात काम करणारा जुना गवंडी कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा. सिमेंट काढताना छिन्नी कशी धरायची, हे त्याच्याकडूनच शिकायचंय.